पोळ्याची मिरवणूक पोरांना कुठून दाखवावी?

कासरा
नमस्कार मंडळी. यंदा पोळ्याला पोरांना घेऊन गावी जायचं नक्की केलंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघंही पुण्यात वाढलेले, त्यामुळं बैल पाहिलाय तो रसवंतीच्या पाटीवर रंगवलेला.

गाव लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. दुपार कलली की बैल वेशीत जमतात, मानाची जोडी तोरणाखालून निघते, मग बाजारपेठेतून मारुतीपर्यंत मिरवणूक. तिथं फेरे, मंगलाष्टका, अन् मग ज्याचा तो आपापल्या घरी. चुलतभाऊ म्हणतो वेशीतच उभं राहा, खरी मजा तिथं. वहिनी म्हणते पोरं लहान आहेत, आमच्या माडीवरून बघा. माझं मत विचाराल तर गावची मिरवणूक रस्त्यात धक्के खातच बघावी, वरून बघणं म्हणजे टीव्ही. पण जबाबदारी पोरांची आहे, म्हणून इथं विचारतोय.

अजून एक. भाऊ म्हणाला गेल्या साली बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त होते. मग एवढं जाऊन दाखवण्यासारखं काही उरलंय का?

मांजराकाठ
वेशीत पोरांना अजिबात नेऊ नका, दादा. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघितलेले बैल तिथं खांद्याला खांदा लावून उभे असतात. हलगी कानाशी, कुणीतरी दीडशहाणा फटाक्याची माळ लावतो. एखादा बुजला की गड्याच्या हातात नुसता कासरा राहतो. (तुमच्या आयडीवर बोलत नाही.)

बाजारपेठेत जागा धरा. कंबरेएवढा उंच दुकानाचा ओटा बघायचा, मागं उघडं दार असलेला, म्हणजे वेळ आली तर पोरांना आत ढकलता येतं. चारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, ते पाठीवर घ्यायचं, तोंडावर नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, बुजलेलं जनावर पहिलं बोळातच घुसतं. आणि शिंगांपासून अंतर ठेवायचं, पोरांनी हात लावायचा हट्ट केला तर मिरवणूक संपल्यावर गोठ्यात न्यायचं.

घरंगळलेला_लाडू
टीव्हीला नावं ठेवू नका राव. मागं घेता येतो, आवाज कमी करता येतो. आमच्या गल्लीतल्या मिरवणुकीत दोन्ही सोयी नाहीत.

ओट्यावरची
वहिनीला माडीच का सुचली, याचा विचार केलात का कासरादादा? कारण तिला स्वतःला तीच जागा मिळत आलीय.

मी अशाच गावात लहानाची मोठी झाले. मारुतीपुढं बैलांचं लगीन लागतं हे मला ऐकून माहीत. बायका-पोरी वेशीत जात नाहीत, देवळापाशी तर नाहीच. जाऊ नये असं कुणी तोंडानं म्हणत नाही, पण जात नाहीत. सकाळपासून पुरण शिजवायचं, वाटायचं, कटाची आमटी, भजी, कुरडया. अन् वाजंत्री ऐकू आली की हात पुसत माडीवर किंवा ओट्यावर. तेवढ्यात कुणीतरी खालून ओरडतं, अगं ताट कुठाय, बैल आले!

आमची खरी मिरवणूक त्यानंतरची. एकेक जोडी दारात येते, पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, ओवाळायचं, पुरणाची पोळी तोंडात द्यायची. बैल पोळी घेतो तेव्हा त्याची खरबरीत जीभ सगळ्या तळहातावरून फिरते. आमच्या घरचा एक बैल एवढा मोठ्या शिंगांचा होता की मान वाकडी करून उंबऱ्याशी यायचा, अन् आजी त्याला म्हणायची, ये बाबा, तुझंच घर हाय. बाजारपेठेत उभं राहून हे दिसत नाही. तुमच्या मुलीला तिथं उभी करा.

वेशीवरचा
ओट्यावरची ताई, आमच्याकडं आता बायका येतात देवळापाशी. गणपतीत तर लेझीम पथकच मुलींचं आहे. काळ बदललाय.

ओट्यावरची
गणपतीत येतात, पोळ्याला किती येतात ते मोजून सांगा.

वेशीवरचा
बरं. हरलो.

देवणीवाला
धागा वाचून लॉगिन केलो. आमच्याकडं अजून देवणी जातीच्या बैलांची जोडी आहे, म्हणून ट्रॅक्टरच्या प्रश्नाला उत्तर देतो.

बैल कमी झाले हे खरं. पण नुसत्या ट्रॅक्टरनं झालं असं म्हणू नका. पूर्वी आमच्या भागात रब्बीला ज्वारी असायची, ज्वारी म्हणजे कडबा, कडबा म्हणजे दावणीला बैल. सोयाबीन आलं अन् पसरलं. सोयाबीनच्या गुळीला, म्हणजे भुसकटाला, कडब्याची सर नाही. कडबा विकत घ्यायचा तर भाव ऐकून बैलच विकावा वाटतो. त्यात सालगडी मिळत नाही. पेरणी, कोळपणी धरून बैलाला काम किती दिवसांचं, अन् खाणं बाराही महिने. हा हिशेब जमेना म्हणून लोकांनी दावण मोडली, हौस नव्हती म्हणून नाही.

आता पोरांना काय दाखवायचं ते सांगतो. नुसतं ‘बैल बघ’ म्हणून पोरं दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना ओळखायला लावा. देवणीत तीन प्रकार. अंग पांढरं अन् तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. सगळा पांढरा, पोटाकडं काळे ठिपके, तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग, तो शेवरा. तुमच्या गावात नांदेडकडचा कुणी पाहुणा असला तर लाल कंधारी पण दिसंल, गडद तांबडा, डोळ्याभोवती काळी कड. पोरगी मोजत बसंल, कोणता किती आला.

सजावट पण बघायला शिकवा. शिंगाला हिंगूळ अन् बेगड, टोकाला पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, नाकात नवी वेसण. झुलीवर आरशांचं काम असलं तर समजायचं की घरात कुणीतरी रात्री जागून शिवलीय. आजकाल बाजारातली मिळते प्लॅस्टिकच्या फुलांची, तीही वाईट नाही दिसत म्हणा.

अन् एक दिवस आधीच या. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. हळद अन् लोणी लावून खांदा चोळायचा, अन् कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पोरांना हे करू द्या. बैल तेव्हा शांत असतो.

बोरीबाभळ
+१, खांदेमळणी चुकवू नका. फोटोलाही तीच बरी, गर्दी नाही.

घरंगळलेला_लाडू
ट्रॅक्टरच्या खांदेमळणीला कोणतं ग्रीस लावावं, यावर तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा.

देवणीवाला
हसू नका, आमच्या शेजाऱ्यानं बोनेटला हळद-कुंकू लावून पोळी ठेवली होती. पोळी कुत्र्यानं नेली. ट्रॅक्टर उपाशी.

गंगाकाठची_परभणी
जगात जर्मनी, भारतात परभणी! इथं आमचं कुणी बोललंच नाही, म्हणून आलो.

मिरवणूक बघायची तर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी बघा. आमच्या जिल्ह्यातून गंगाखेड, पुढं परळी, अंबाजोगाई असं करत तुळजापूर-सोलापूरमार्गे पंढरपूरला जाते. पांढऱ्या कपड्यातले वारकरी, एका रेषेत पताका, टाळ एका ठेक्यात. कुणी कुणाला ढकलत नाही. गंगाखेड जनाबाईचं गाव, तिथं गोदावरीच्या अंगानं पालखी येते तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं. कुणी पाणी घेऊन, कुणी केळी, कुणी पाय चेपायला तेल घेऊन. बघणारेही कामाला लागलेले असतात. पोळ्यात अन् विसर्जनात बघणाऱ्याला काम नसतं, म्हणून तो मोबाईल काढतो.

मांजराकाठ
हे शेवटचं वाक्य पटलं. पण जर्मनीशी काय संबंध ते अजून कुणाला कळलं नाही.

गंगाकाठची_परभणी
परभणीकरालाही कळलेलं नाही. म्हणायचं असतं.

केजचा_जावई
अवांतर: मिरवणुकीचं बोलताय तर बीड जिल्ह्यातलं विडा हे गाव विसरू नका. केज तालुका. धुळवडीला गावच्या जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून वाजतगाजत फिरवतात. शेवटी नवे कपडे अन् सोन्याची अंगठी देऊन सन्मान. त्याआधी काही दिवस गावातले जावई लपून बसतात अन् पोरं त्यांना हुडकत फिरतात. मी विड्याचा जावई नाही, हे देवाचे उपकार.

घरंगळलेला_लाडू
अंगठी किती ग्रॅमची? त्यावर गाढवाचं ठरवता येईल.

जालनेकर_भैय्या
धुळवडीचं निघालंच आहे तर आमच्या जालन्याचा हत्ती रिसाला. हत्तीच्या प्रतिकृतीवर राजा बसवून शहरातून मिरवतात, कित्येक पिढ्यांची परंपरा आहे. लहानपणी वाटायचं की हत्ती खरा आहे. आता कासराभाऊंच्या पोरांना तिथं न्या म्हणत नाही, रंगात आईसुद्धा पोराला ओळखत नाही.

बाराहाळीचा_पाहुणा
नांदेडला दसऱ्याला सचखंड गुरुद्वाऱ्याचा हल्लाबोल बघितलाय का कुणी? घोडे, निळे फेटे, उघड्या तलवारी, अन् ‘बोले सो निहाल’ झालं की एकदम धाव. पोलीस लोकांना आधीच मागं सारून ठेवतात. तिथं मांजराकाठ यांचा ‘मागं उघडं दार असलेला ओटा’ हा नियम तंतोतंत लागू पडतो.

बेस_अन्_टॉप
मी साउंडवाला आहे. शिव्या पडायच्या आधी बोलून घेतो, कारण मिरवणुकीच्या धाग्यात आमचा नंबर लागतोच.

पोळ्यालाही आता आम्हाला सुपारी येते. ट्रॉलीवर बेस, टॉप, जनरेटर. मी स्वतः सांगतो की बैलापुढं एवढा बेस लावू नका, जनावर थरथरतं. ऐकतं कोण? ‘शेजारच्या गल्लीपेक्षा कमी वाजलं तर पैसे देणार नाही’ हे वाक्य मी दर सीझनला ऐकतो. केस झाली तर ती माझ्यावर, सामान जप्त होतं माझं, मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या दिवशी फेटा बांधून फोटोत. डीजे बंद करा म्हणणाऱ्यांना माझी हरकत नाही. पण वाजवायला लावणाऱ्यालाही उभं करा.

कायद्याचं_बोला
बेस_अन्_टॉप यांचा मुद्दा रास्त आहे. नियम सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. पण वेळ वाढते, आवाजाची मर्यादा वाढत नाही. हे दुसरं वाक्य मंडळांच्या बैठकीत कुणी वाचत नाही.

वेशीवरचा
५५ डेसिबल म्हणजे आमच्या आत्याचं साधं बोलणं.

सुलतानपुऱ्याची_गल्ली
वाचतेय सगळं. एक गोष्ट राहिली, म्हणून लिहिते.

आमच्या तालुक्यात मोहरमच्या सवाऱ्या उठतात त्या बघायला अर्ध्याहून जास्त हिंदू घरं असतात. नवस बोलणारेही तेच, मलिदा करणारेही. पूर्वी आमच्या गल्लीतली सवारी पाटलांच्या दारापुढं थांबायची, पाटलीणबाई पाणी घालायच्या. २०२३ साली अनंत चतुर्दशी अन् ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. आमच्या लोकांनी बसून ठरवलं, जुलूस दुसऱ्या दिवशी काढू. बऱ्याच गावांनी तसंच केलं. ठरवणारे आठ-दहा म्हातारे होते, दोन्हीकडचे, चहा पिऊन पंधरा मिनिटांत उठले. बातमी होत नाही अशा गोष्टींची.

म्हणून पोरांना मिरवणूक दाखवायची तर ती ठरते कशी हेही दाखवा. मान कुणाचा, पुढं कोण, कुठल्या दारापुढं थांबायचं. रस्त्यावर दिसतं ते आधीच कुठल्यातरी ओसरीवर झालेलं असतं.

मांजराकाठ
सुलतानपुऱ्याची ताई, सलाम. मानाच्या भांडणावरून आमच्या गावात एकदा मिरवणूक तोरणाखाली दीड तास अडली होती. दोन भावकींत वाद, जोडी कुणाची पुढं. शेवटी बैलच कंटाळून पुढं गेले.

देवणीवाला
अशा वेळी बैल माणसापेक्षा शहाणे असतात.

हुतात्मा_चौक
सगळे सणांचं बोलताय. १७ सप्टेंबरची, मराठवाडा मुक्तिदिनाची प्रभातफेरी कुणी बघतं का? १९४८ ला निजामाचं सैन्य शरण आलं तो दिवस. महाराष्ट्रात इतरत्र १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला, १ मेला झेंडावंदन. आपल्याकडं हे एक जास्तीचं. पुण्यात वाढलेल्या पोरांना हे माहीतच नसतं, सुट्टीसुद्धा नसते तिकडं.

२०२३ ला गंमत झाली होती. अधिक श्रावण आल्यामुळं पोळा १४ सप्टेंबरला, मुक्तिदिन १७ ला, गणपती १९ ला. एका आठवड्यात तीन मिरवणुका, त्यात मुक्तिसंग्रामाचं पंच्याहत्तरावं वर्ष. शाळेतली पोरं झेंडे घेऊन फिरून दमली. २०२४ ला तर विसर्जनच १७ तारखेला आलं. सकाळी हुतात्मा स्मारकापुढं झेंडावंदन, संध्याकाळी त्याच चौकात गुलाल.

माझे आजोबा प्रभातफेरी ओट्यावरून बघायचे नाहीत. उभे राहायचे, रस्त्याच्या कडेला, टोपी घालून. रझाकारांच्या काळात याच रस्त्यानं रात्री माणसं शेतात पळाली होती, एवढंच सांगायचे. पुढं विचारलं की विषय बदलायचे.

उमरग्याचा
विसर्जनाचं निघालं म्हणून. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आमच्या भागातली गावं मिरवणूक उरकून उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. माळवदाची, दगड-मातीची घरं होती. आमचे मामा बैल सोडायला गोठ्यात उठले होते म्हणून वाचले.

आमच्याकडं विसर्जन अजूनही लवकर उरकतात. तसा नियम कुणी केलेला नाही.

ओट्यावरची
उमरग्याचे दादा, नमस्कार करते.

बोरीबाभळ
_/\_

कासरा
किती लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. विड्याच्या जावयावर तिचं मन बसलंय, बाबांना घेऊन जाऊ म्हणते.

वहिनीला फोन केला. ओट्यावरची ताईंचं म्हणणं तिला सांगितलं अन् विचारलं, तू कधी मारुतीपाशी गेलीस का? ती हसली, म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, पोळ्या कोण लाटणार? तिथं माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तर असं ठरतंय. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, खांदेमळणी. पोळ्याला सकाळी मी अन् भाऊ पुरण वाटणार (भावाला अजून सांगितलेलं नाही). चार वाजता पेठेत मित्राच्या कापडदुकानाच्या ओट्यावर, मागं दार आहे. मारुतीपाशी वहिनी अन् मुलगी, भाऊ सोबत. त्यानंतर सगळे घरी, ताट घेऊन. माडीवर आई बसंल, तिला गुडघ्यामुळं उतरता येत नाही.

ओट्यावरची
पुरण पाट्यावर वाटणार का मिक्सरमधून, तेही लिहा. पाट्यावर वाटलं तर मी येऊन बघते, ओट्यावरून.

घरंगळलेला_लाडू
या मिरवणुकीचं तिकीट कुठं मिळतं?

देवणीवाला
कासरादादा, एक राहिलं. पोरं शिंगं रंगवायचा हट्ट करतील. ऑईलपेंट देऊ नका, जनावराला त्रास होतो अन् निघता निघत नाही. गेरू किंवा हिंगूळ घ्या, पोळ्याच्या बाजारात भरपूर मिळतं. पाऊस आला तर धुऊन जाईल, जाऊ द्या.

कासरा
घेतो. बाजार आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत असतो?

मांजराकाठ
दिवे लागेपर्यंत. पण गोंडे अन् बाशिंगं दुपारीच संपतात, येताना अहमदपुरातच घेऊन या.